दगडूमामांचा थंड स्वभाव

दगडूमामांना काही विचारलं, की उत्तराला वेळ लागे. आधी हातातलं काम पुरं करत, मग टोपी सारखी करत, मग आपल्याकडे बघत. तोवर त्यांची बायको, सरूमामी, उत्तर देऊन मोकळ्या झालेल्या असत. कासार आंबोलीच्या शाळेवर नेमणूक झाली तेव्हा मी त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत राहायला आलो. "गुरुजी, ह्यांच्या अंगात रगत न्हाई, ताक हाय," मामींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मामा हसले. मामी आत गेल्यावर हळूच म्हणाले, "आंबट न्हाई, म्हंजी झालं."

पावसाळा नुकताच सरला होता. एका दुपारी त्यांची गाभण म्हैस शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीत पडली. पाणी काठाशी आलेलं, म्हशीचे पाय तळाला टेकेनात. सगळी आळी धावली. मामींचा भाऊ शिरपा दोर घेऊन आला. "गळ्यात टाका आन् वढा समदे!"

"गळ्याला न्हाई. फास बसंल," मामा म्हणाले. "ह्या अंगानं काठ फोडा, उतरन करा." तोच दोर त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधला, टोक शिरपाच्या हातात दिलं आणि पाण्यात उतरले.

वर कुदळी चालल्या होत्या, आरडाओरडा चालला होता. खाली मामा म्हशीचं तोंड हातावर तोलून तिच्याशी बोलत होते, "दमानं घे बाय. मी हाय हितंच." ऊन उतरेपर्यंत त्यांचं बोलणं थांबलं नाही. मामी काठावर गप्प उभ्या होत्या. त्यांना इतका वेळ गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

अखेर उतरण झाली. म्हैस चिखलातून धडपडत वर आली, मागून मामा. मामींनी त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली आणि तोंड सोडलं, "म्हशीपायी मरायला निघाला हुता व्हय?" बोलता बोलता त्या रडायलाच लागल्या.

संध्याकाळी चुलीशी बसलो असताना मी म्हणालो, "मामा, तुमचा स्वभाव थंड, म्हणून निभावलं."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "थंड कुटला, गुरुजी? लई भ्यालो हुतो. पन ती माज्याकडंच बगत हुती. म्या वरडलो असतो, तर तिनं हातपाय गाळलं असतं."

"आणि मामी इतकं बोलतात, त्याचा राग?"

"येतो की. पन हिचा आदी येतो. तो सपस्तोवर माजा निघून जातो."

"ऐकतिया मी!" आतून मामी ओरडल्या, पण आवाजात हसू होतं.

त्या म्हशीला रेडी झाली. पुढे तीही दूध देऊ लागली, तेव्हा माझी बदली झाली. मामा नेहमीच्या दमानं बैलगाडी हाकत मला सडकेवर सोडायला आले. आम्ही पोचलो, तेव्हा एस.टी. धुरळा उडवत निघून गेली होती. मामांनी बैल सोडले, आंब्याखाली घोंगडी अंथरली.

'वाटंत खावा' म्हणून मामींनी दिलेलं फडकं मी सोडलं. तांदळाच्या भाकऱ्या, खर्डा, कांदे. सगळं दोन माणसांचं.

"तिला ठावं हुतं," मामा हसले आणि त्यांनी बुक्कीनं कांदा फोडला. आम्ही जेवायला बसलो. पुढची गाडी जरा उशिरा आली तरी चालेल, असं मला वाटत होतं.