रात्रपाळीनंतरचा दिवस

माझी सून पुस्तक लिहिते असं मी सांगितलं की शेजारणी विचारायच्या, कथा की कविता? मी म्हणायचे, दोन्ही नाही, पण लिहिणारीच्या डोळ्यांत पाणी मात्र येतं.

हॉस्पिटलात, कारखान्यात कुणाची पाळी कधी लावायची, मधे सुट्टी किती द्यायची, हे जुळवून देणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते कसं वापरायचं याचं पुस्तक ती बारा वर्षं लिहितेय. पुस्तक कागदाचं नाही, कॉम्प्युटरवरच उघडतं. सॉफ्टवेअर करणारी मंडळी दर महिन्याला त्यात काहीतरी बदलतात, आणि ही केरसुणी घेतल्यासारखी त्यांच्या मागे. बावन्न वय, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. माझा मुलगा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे घरात आम्ही दोघी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिचं टेबल. इतकी वर्षं बघून बघून तिच्या कामाचं मला थोडं कळायला लागलंय. माझी चौथीच झाली, पण लाल आणि हिरवं ओळखायला शाळा लागत नाही.

तिने लिहिलेली सगळी पानं शेवटी एक मशीन एकत्र बांधतं. त्याला ते बिल्ड म्हणतात. सगळं बरोबर असेल तर हिरवी खूण येते. काही चुकलं की लाल ओळी, कुणी शिव्यांची यादी लिहून पाठवावी तशा.

एका शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पुस्तकाची नवी आवृत्ती बाहेर जायची होती, आणि सकाळी लाल ओळी आल्या एकशे सदतीस.

आणि त्याच दिवशी दुपारी साडेतीनची गाडी तिला गाठायची होती. तिचे वडील, म्हणजे माझे व्याही, घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी सकाळी ऑपरेशन. आयुष्यभर शिलाईचं दुकान चालवलेला माणूस, सुईला न भिणारा, पण डॉक्टरच्या सुईला भितो. "मला आत नेतील तेव्हा तू समोर पाहिजेस," एवढंच त्यांनी लेकीकडे मागितलं होतं. ती हो म्हणाली होती. बॅग भरून दाराशी ठेवलेली.

"एकशे सदतीस चुका आणि तीन वाजेपर्यंत?" मी म्हटलं.

"एवढ्या नसतात हो आई. चुका लेकुरवाळ्या असतात. पहिली आई धरायची, पोरं आपोआप गप्प बसतात."

तसंच झालं. वर कुठेतरी एका तक्त्याची ओळ दोन घरं सरकली होती, ती जागेवर आणली तर शंभर ओळी एकदम गेल्या. मग एक चित्र हिच्या कॉम्प्युटरवर होतं, पण ऑफिसकडे पाठवायचंच राहून गेलेलं. मग कुणीतरी एक पान काढून टाकलेलं आणि बाकीची पानं अजून त्याचा पत्ता सांगत बसलेली, मेलेल्या माणसाच्या नावाने पत्र यावं तशी. एक सोडवायची, बिल्ड लावायचं, वीस मिनिटं थांबायचं. त्या वीस मिनिटांत ती काही करत नाही, नुसती पडद्याकडे बघते. दूध उतू जाण्याची वाट बघणारी बाईसुद्धा मधे ओटा पुसून घेते, ही तेवढंही नाही. पूर्वी मला वाटायचं आळस. आता कळतं, थकवा आहे.

एक वाजता एकच लाल ओळ उरली.

पुस्तकात उदाहरणं असतात. मशीन ती नुसती छापत नाही, खरोखर करून बघतं, आणि आलेलं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळवतं. एका उदाहरणात नर्सची रात्रपाळी तीन तारखेला रात्री सुरू होते, पुढची पाळी सात तारखेला सकाळी. मधे सुट्टीचे दिवस किती? पुस्तक म्हणत होतं तीन. सॉफ्टवेअर म्हणत होतं दोन.

तिने तिच्या वरच्या माणसाला फोन लावला. वयाने हिच्या मुलासारखा. सगळ्याची घाई, म्हणून घरात आम्ही त्याला घाईसाहेब म्हणतो. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, उत्तर बदललंय ना? मग ती कमांड मारा. सगळी उत्तरं आपोआप नवी होतात. पाच मिनिटांत हिरवं."

"पण बदललं का?"

"कुणीतरी काहीतरी दुरुस्त केलं असेल. तुमची गाडी आहे ना साडेतीनला? कशाला डोकं लावता?"

खरं तर त्याचं बरोबर होतं. बोट दाबायचं आणि निघायचं. तिने कमांड लिहिलीसुद्धा. मग बोट अधांतरी तसंच ठेवून माझ्याकडे वळली.

"आई, तुम्ही लाँड्रीत रात्रपाळी करायचात. सकाळी घरी आलात की तो दिवस सुट्टीचा धरायचे का?"

"कोण मेला धरतो? सकाळी येऊन माणूस मुडद्यासारखं पडतं. उठावं तर संध्याकाळ. मुकादमाने एकदा धरला होता. आम्ही बायकांनी त्याला असा धरला की पुन्हा धरला नाही."

ती हसली नाही. एका कागदावर तारखा लिहिल्या. चार, पाच, सहा. चारवर काट मारली. उरले दोन.

मग तिने पुस्तकात मागे जाऊन एक पान काढलं. तिथे तिनेच सरळ लिहून ठेवलेलं होतं की रात्रपाळी ज्या सकाळी संपते, तो दिवस सुट्टीत मोजू नये. आणि पुढे उदाहरणात तिनेच लिहिलेलं, तीन.

"म्हणजे सॉफ्टवेअर आत्ता बरोबर झालंय?" मी विचारलं.

"हो. आधी चुकत होतं. आणि मी बारा वर्षांपूर्वी त्याने दिलेलं उत्तर तसंच चिकटवलं. मोजलं नाही. तेव्हाही घाईच होती."

"मग आता मार ती कमांड. उत्तर दोनच येणार."

"इथे येईल. पण हाच हिशोब मी आणखी आठ ठिकाणी तक्त्यांत लिहिलाय. तक्ते मशीन करून बघत नाही. तिथे ते गप्पच बसणार."

मी घड्याळाकडे पाहिलं. दोनला दहा कमी. तिने परत फोन केला.

"मॅडम, तक्ते पुढच्या वेळी करू की! कोण वाचतं?"

"पाळ्या लावणारे वाचतात. हेच तक्ते समोर ठेवून पाळ्या लावतात. कुणाची तरी बारा वर्षं एकेक दिवस झोप गेली असेल."

"असेल. नसेलही."

"म्हणूनच. आणि मी सुरुवातीला एक टीप घालणार आहे. आधीच्या आवृत्त्यांत हे चुकीचं होतं, पाळ्या पुन्हा तपासा."

"टीप कशाला? लोक घाबरतात. आपल्यालाच फोन येतील."

"येऊ देत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायला अंगात जोर लागतो.

मग तिसरा फोन, वडिलांना. तो लावण्याआधी ती ग्लासभर पाणी प्यायली.

"बाबा, आजची गाडी चुकणार. त्यानंतर आज दुसरी नाही, उद्या पहाटेची धरते. पोचायला नऊ होतील."

"मला आठला नेणार आहेत."

"माहितीये."

मग व्याही म्हणाले, "चूक कुणाची?"

"माझीच. जुनी आहे."

"मग उसव आणि नीट शीव. अर्धवट शिवलेलं गिऱ्हाईकाच्या अंगावर उसवतं." आणि फोन ठेवला. मला वाटलं, काय कणखर माणूस.

साडेतीनला ती पाचव्या तक्त्यावर होती. मी चहा ठेवला, तो गार झाला, दुसरा ठेवला, तोही अर्धाच प्यायली. दोन तक्त्यांत नुसते आकडे बदलून भागत नव्हतं, त्यांच्यावर पुढचे दोन परिच्छेद उभे होते, तेही पाडून पुन्हा लिहावे लागले. मी मधेच म्हटलं, जरा पाठ टेक. म्हणाली, टेकली तर उठणार नाही. साडेसहाला बिल्ड लावलं. सातला दहा कमी असताना हिरवी खूण आली. मी टाळी वाजवली. तिने एक चष्मा काढला, मग दुसरा काढला, आणि डोळे मिटून बसली. घाईसाहेबाने अंगठ्याचं चित्र पाठवलं. बारा वर्षांच्या चुकीला एक अंगठा.

पहाटे ती निघाली. साडेनऊला फोन आला.

"आत नेलंय आई. मी बाकावर बसलेय."

"बरं. व्याही धीराचे आहेत, काल बोलले कसे बघितलंस ना."

"नर्स सांगत होती," ती म्हणाली आणि थांबली. "स्ट्रेचरवर तीनदा विचारलं म्हणे, माझी मुलगी आली का? शेवटी दाराशी तिचाच हात धरला. सोडेचनात."

लेकीसमोर शूर आणि परक्या पोरीच्या हाताला घट्ट. मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही गं."

"चुकलं नाही हो. पण मी नव्हते ना तिथे."

ऑपरेशन नीट झालं. दुपारी व्याह्यांना खोलीत आणलं, तेव्हा ते लेकीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी म्हणाले, पाणी दे. तिने दिलं.

सोमवारी ऑफिसला सतरा फोन आले म्हणे, टीप वाचून. घाईसाहेबाने ते सगळे तिच्याच नंबरावर वळवले. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून ती एकेकाला समजावून सांगत होती, चार तारीख धरू नका, पाचपासून मोजा.