डिकीतला निळा

अण्णांशी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाशी, मी खोटं बोललो. एकाच शब्दात. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी वहिनी त्यांना पुण्याला घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या माघारी मी त्यांची जुनी फियाट पांढरी करून टाकली. माझ्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती आणि पाहुण्यांसमोर ती फिकट निळी गाडी मला जुनाट वाटायची. अण्णा परतले ते नजर गमावून. साखरेनं डोळे नेलेच. अंगणात त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला.

"निळीच हाय ना रे?"

"व्हय," मी म्हणालो.

पुढं ते रोज संध्याकाळी त्या उभ्या गाडीत जाऊन बसायचे. आल्यागेल्याला म्हणायचे, आमची निळी बघा, एक ओरखडा नाय. माणसं गाडीकडं बघायची, मग माझ्याकडं, आणि लई भारी म्हणून निघून जायची. वहिनीसुद्धा गप्प राहिल्या. कधी खिडकीतून बघताना गाडी मला निळीच दिसायची.

शेवटी ठरवलं, गाडी गुपचूप पुन्हा निळी करायची. चिकलठाण्याकडच्या मोठ्या वर्कशॉपवाल्यानं गाडीभोवती फेरीसुद्धा मारली नाही. विम्याचं काम असेल तर बोला, म्हणाला. अख्खी जुनी गाडी कोण घासत बसणार? दुसरा एक जण पांढऱ्यावरच निळा मारून द्यायला तयार होता. ते मला नको होतं. खाली पांढरा राहिलाच असता.

शहागंजच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे पेंटर भेटले. काचा, रबर, दरवाजे उतरवून पत्र्यापर्यंत घासायचं त्यांनी कबूल केलं. फक्त जुन्या रंगाचा नमुना मागितला. डिकीतली स्टेपनी उचलली, तर खाली तळहाताएवढा निळा तसाच होता. तो इतके दिवस आतून माझ्याकडं बघत होता, असं मला वाटलं. हात लावायचा धीर झाला नाही.

"महिना तो लगेगा," ते म्हणाले. "घर में बोल के रखो साहब. नंतर गाडी कुठं म्हणून फोन नको."

गाडी घेऊन परतताना सर्व्हिसिंगची थाप मी तयार ठेवली होती. अण्णा काठी टेकत अंगणात आले, सवयीनं बॉनेट चाचपलं आणि हसले.

"कुठं फिरवून आणलीस माझी निळी?"

ती थाप तोंडातून निघेना. मी सगळं सांगून टाकलं. रंग कधी बदलला, कशासाठी बदलला, आज कुठं गेलो होतो. त्यांनी बॉनेटवरचा हात काढून घेतला.

"मी निळी म्हणायचो, तवा सगळ्यांना ठाऊक होतं?"

"व्हय."

वहिनी दारात आल्या होत्या. त्यांच्यादेखत मी अण्णांचे पाय धरले.

"अण्णा, तुम्हाला दिसत नाय ह्याचा मी फायदा घेतला. घरच्यांनाबी खोट्यात ओढलं. चुकलं माझं. मला माफ करा."