माझा भाऊच समज

तंत्रनिकेतनातल्या मुलांना सहा महिन्यांच्या कामासाठी कारखान्यांत पाठवण्याचं काम सर बावीस वर्षं करत होते. मुलं पाठीमागे त्यांना ओळखसाहेब म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं, ओळखी खरोखरच होत्या. पहिल्या दिवशी साहेब स्वतः विद्यार्थ्याला घेऊन जात, मालकाच्या खांद्यावर हात ठेवत आणि विद्यार्थ्याला म्हणत, "हा माझा भाऊच समज. काही लागलं तर यालाच सांग." असे त्यांना एकूण एकतीस भाऊ होते. सख्खा एकच होता, त्याच्याशी बोलणं नव्हतं.

मग नव्या मॅडम आल्या. त्यांची गावात कुणाशी ओळख नव्हती. होता तो दोन पानी करार. कामाच्या जागी कुणी अंगचटीला आलं, तर मालकाखेरीज कुणाला सांगायचं, त्याचं नाव त्यात लिहायचं होतं. शिक्षक न कळवता भेटायला येणार होते. आणि तक्रार केली म्हणून मुलीचं सत्र बुडणार नाही, याची हमी कॉलेज देणार होतं.

"सह्या करायचे नाहीत हो हे लोक," साहेब म्हणाले. "मानाचे भुकेले असतात."

महिन्याभरात चौदा मालकांनी सह्या केल्या. एका दवाखान्याच्या व्यवस्थापिकेनं आपणहून एक कलम वाढवलं. बेकरीवाल्याचा फोन साहेबांनी मोठ्या उत्साहानं उचलला, तर तो म्हणाला, "सर, जरा मॅडमना द्या ना."

घरी साहेबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "दोन महिन्यांपूर्वी आलेली बाई! त्याच्या दुकानाची जागा मी बघून दिली होती."

"मग काय त्यानं जन्मभर तुमच्याशीच बोलायचं?" बायकोनं विचारलं.

"प्रश्न तो नाहीये."

"तोच आहे. जेवा."

साहेबांनी दाखवून द्यायचं ठरवलं. चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या कारखान्याचा मालक हा त्यांचा सर्वांत जुना भाऊ. त्याच्याकडे त्यांनी करार न करताच एका मुलीला पाठवलं. घरच्या माणसाकडून काय सही घ्यायची? खांद्यावर हात, तेच वाक्य.

तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी कॉलेजात आली आणि साहेबांच्या टेबलासमोरून सरळ मॅडमच्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं. साहेब पंचवीस मिनिटं हजेरीचा एकच कागद वाचत बसले. त्या वेळी त्यांच्या मनात जे आलं ते शोभणारं नव्हतं, पण आलं ते हेच: ही पोरगी मला ओलांडून गेलीच कशी?

मग मॅडमनी त्यांना आत बोलावलं. मुलगी खाली बघत म्हणाली, "यंत्रावर शिकवायचं म्हणून ते मागे येऊन उभे राहतात. हात धरतात, सोडत नाहीत. परवा कमरेला धरलं. मी नको म्हटलं, तर म्हणाले, सर माझे भाऊ आहेत, सत्र घालवशील."

"अगं, मग मला नाही का सांगायचंस?"

"सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, काही लागलं तर यालाच सांग."

मॅडमनी तेही वाक्य समोरच्या कागदावर लिहून घेतलं.

"गेल्या वर्षी तिथे कामाला होती त्या ताईनंसुद्धा तुम्हाला नव्हतं सांगितलं," मुलगी म्हणाली.

साहेब त्याच दुपारी कारखान्यात गेले. मालक उठून उभा राहिला. "ये, ये! चहा सांगू?"

"नको. तुझं नाव यादीतून काढलंय. तक्रार कॉलेजच्या समितीकडे गेलीय, पत्र येईल."

"त्या बाईनं कान भरलेले दिसतायत तुझे. अरे, आपण भाऊ ना?"

"तीच चूक झाली," साहेब म्हणाले आणि परतले.

मुलीला दवाखान्याच्या चष्मा विभागात जागा मिळाली. सत्र वाचलं. पहिल्या दिवशी साहेब तिच्याबरोबर गेले. व्यवस्थापिकेला नमस्कार केल्यावर उरलेल्या हातांचं काय करावं कळेना, म्हणून ते त्यांनी खिशात घातले. मुलीला एक चिठ्ठी दिली. "काही लागलं तर इथे फोन कर. मॅडमचा नंबर आहे." दाराशी जाऊन परत आले. "मागच्या बाजूला माझाही आहे. असू दे."

संध्याकाळी मॅडमचा फोन वाजला. मुलगीच होती. काम बरं आहे, सगळे नीट वागतात, म्हणाली. साहेबांनी समोर बसून ते सगळं ऐकलं, मॅडमनी फोन ठेवेपर्यंत धीर धरला आणि मग विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"