शेपटीचं माप

आमच्या कोपरगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मामा रोज सकाळी बेडूकमाशांच्या शेपट्या पट्टीनं मोजून वहीत लिहायचे. "म्याडम, कालच्यापरीस कमी हाय," असं खूश होऊन सांगायचे. शेपूट तुटत नाही, बेडूक व्हायची वेळ आली की एन्झाइमं तिच्या पेशींना आतूनच संपवतात, हे त्यांना मीच सांगितलं होतं. "म्हंजी मरायचा हुकूम आला की गुमान मरत्यात," मामा म्हणाले होते.

परवा आत शिरले, तर मामा खिडकीच्या काचेत बघत तीच पट्टी मानेवरच्या गाठीला लावत होते.

"मामा, डॉक्टरांना दाखवलंत का?"

त्यांनी वही पुढं केली. शेपटीशेजारी दुसरा रकाना होता, महिनाभराचा. त्यातले आकडे वाढतच होते.

"हिला हुकूमच पोचंना, म्याडम."