ढिगासाठी टँकर

नशिराबादच्या पुढे महामार्गालगत कोळशाचा एक डेपो आहे. माझी आई तिथे सात वर्षं दगड वेचते आहे. विदर्भातल्या खाणींतून ट्रकने येणाऱ्या कोळशात दगड असतोच, कारण जमिनीखाली कोळशाच्या थरांमध्ये दगडाचेही थर असतात आणि सुरुंग दोन्हींना सारखंच फोडतो. दिसायला दोन्ही काळे. आई डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही, तुकडा हातात घेते. जड तो दगड, हलका तो कोळसा. कोळसा मग चाळणीवर जातो. मोठे तुकडे कारखान्यांच्या बॉयलरला, चुरी वीटभट्ट्यांना.

कॉलेजात असताना मी या बायांसाठी पत्रक लिहिलं. वडील सभांची पत्रकं वाटायचे आणि मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे सुरुवात दणक्यात हवी, एवढं ठाऊक होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी दलदलीत झाडं गाडली गेली, वर गाळ साचत गेला, दाबाने आणि उष्णतेने त्यांचा कोळसा झाला, आणि पृथ्वीची ही ठेव मूठभरांच्या मालकीची कशी झाली, असं पाऊण पान झालं.

आईने ते वाचलं. "यात पाणी कुठंय?"

"कसलं पाणी?"

"हात-तोंड धुवायचं. बाया तशाच काळ्या घरी जातात. रिक्षावाला बसवून घेत नाही. ते सोडून तू जंगलात काय करतेस?"

डेपोत पाणी येत नव्हतं असं नाही. रचलेला कोळसा आतल्या आत तापतो, चुरी जास्त असली की धुमसतो. म्हणून उन्हाळ्यात रोज दुपारी टँकर येई आणि ढिगावर पाणी मारलं जाई. बायांना प्यायला एक माठ. ढीग पेटला तर मालकाचं नुकसान. बाई काळी राहिली तर कुणाचंच नाही, असा तिथला कायदा.

मी चिडून हेच लिहायला बसले, तर आईने कागद ओढला. "तुझं नाव नाही येणार, माझं येईल. उद्या मला कामावर घेतलं नाही तर?"

शेवटी एकच ओळ राहिली: घरी जाण्याआधी आम्हाला धुवायला पाणी द्या. खाली अकरा जणींच्या सह्या आणि अंगठे, गोलात, म्हणजे पहिली कोण ते कळू नये. ही युक्ती आईची. मुकादमाने कागद घडी करून खिशात घातला. आठवडाभर काहीच झालं नाही.

मग एका दुपारी नेहमीचा टँकर आला. सुट्टी होती म्हणून मीही वेचायला गेले होते. धुळ्याकडची एक अक्का उठली, पदर खोचून नळीपाशी गेली आणि तोंड धुवायला लागली. तिच्यामागे आई. मग सगळ्याच.

"ओ अक्का, तिकडं ढीग धूर सोडू राहिला!" मुकादम ओरडला. "जळून जाईल सगळा!"

"मंग जयू दे ना भाऊ," अक्का म्हणाली. "कोयसा जयासाठेच शे."

कोळसा जळण्यासाठीच असतो, हे ऐकून टँकरचा ड्रायव्हर हसायला लागला. सगळ्या जणींचं होईपर्यंत त्याने नळी हलवली नाही.

कुणालाही काढलं नाही. हाताने दगड ओळखणाऱ्या अकरा बाया एका दिवसात मिळत नाहीत. पुढच्या आठवड्यात फाटकापाशी दोन निळी पिंपं आली. आडोसा अजून नाही. दोघी साडी धरून उभ्या राहतात, बाकीच्या धुतात.