गंगुबाईनं बघितलेलं घर

काल्हेरचा काळुराम पोरीची सुपारी फोडून आला त्याला आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस त्याच्या बायकोच्या, गंगुबाईच्या, घशाखाली घास नीट उतरला नव्हता. लग्न साट्यालोट्याचं. नंदा कल्याणच्या तानाजीला द्यायची, आणि तानाजीची बहीण वासंती आपल्या पोराला, दगडूला, करून घ्यायची. एक मोडलं की दुसरंही मोडलं. ठरवलं बापयांनीच, बायांनी एकमेकींची तोंडंसुद्धा पाहिली नव्हती. दगडूला तीन वर्षांपासून फेफरं येत होतं. ते कल्याणला कुणी सांगितलं नव्हतं.

"कल्यानचा पोरगा सारखा खोकतो म्हनं," गंगुबाई म्हणाली.

"मंग? मी नाय खोकत?" काळुरामनं विडी शिलगावली. "आपलं घर जसं काय दुधानं धुतलेलं हाय!"

तिनं पाटीत वालाच्या शेंगा भरल्या नि भरतीच्या पाण्याबरोबर लाकडाच्या मचव्यातून कल्याण गाठलं. शेंगा विकणारीला कुणीही दारात बसवून घेतं.

"ओहोटी लागली का सुटनार," मचव्याचा तांडेल बजावून म्हणाला. "मंग बोंबललीस तरी थांबनार नाय."

कल्याणला ती आधी दोनदा आली होती, दोन्ही वेळा नवऱ्याच्या टाचा बघत. आज मान वर करून चालली. बंदरावर गवताच्या गंजी होत्या. दूधनाक्याला गवळ्यांच्या कासंड्या आणि त्यांच्या शिव्या. पारनाक्याकडं वळल्यावर ब्राह्मणांची घरं, ओट्यावर वाळत घातलेली सोवळी. निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी बाया पापड विकत होत्या. एकीनं गंगुबाईच्या शेंगांना हात लावून दर विचारला. दोघींना एकमेकींचं बोलणं कळेना, दोघी हसल्या. तांबटांच्या दुकानापुढं ती उगाच उभी राहिली. नंदा बाजाराला इथनंच जाईल, या कट्ट्यावर टेकेल, असं मनात येत गेलं नि शहर तिला बरं वाटायला लागलं.

तानाजीची गल्ली तिनं दोनदा ओलांडली. तिसऱ्या खेपेला आत शिरली.

"शेंगाऽ, वालाच्या शेंगाऽ!"

"ए मावशे, इकरं ये," एका पोरीनं हाक मारली. ठसठशीत, हसरी. शेंग मोडून बघत म्हणाली, "यो वाल हाय का दगड? मापावर मूठभर जास्ती घालावी लागंल."

"लग्नानंतर नवऱ्याशी पन अशीच घासाघीस करशील गो?" गंगुबाईच्या तोंडून निघून गेलं, नि पोर लाजून आत पळाली. ही वासंती.

बाहेर तिची आई आली, गुळाचा खडा नि दारातल्या विहिरीचं पाणी घेऊन. उन्हातून आलेल्या परक्या बाईला एवढं कोण देतं? गंगुबाई पाणी पीत असताना पडवीतल्या खाटेवर गोधडी हलली. खोकला उठला तो थांबेचना. उघड्या मानेवर शिरा तटतटल्या होत्या. खाटेखाली राखेनं भरलेला डबा होता. तानाजी वाकून त्यात थुंकला, आणि वर राख लोटायच्या आधी गंगुबाईला लाल दिसलं.

"सर्दी झालीय जरा," आई म्हणाली. ती गंगुबाईकडं बघत नव्हती.

"कंदीपासून?"

"ह्याच थंडीपासनं." मग घाईनं तिनं विषय बदलला. "कंचं गाव गो तुजं?"

"कशेळी." शेजारचं गाव तिनं घरूनच ठरवून आणलं होतं.

"मंग काल्हेरचा काळुराम तुला म्हाईत असंल!" बाई पुढं सरकली. आवाज उतरला. "माजी वासंती तितं दिलीय. बापये काय सांगतात, काय नाय. तू बाईमानूस, तू खरं सांग. पोरगा कसा हाय?"

एका शब्दाचं काम होतं. फेफरं येतं, एवढं म्हटलं असतं की सुपारी परत आली असती. नंदा सुटली असती, ही पोरही सुटली असती. पण दगडूला दुसरी कोण देणार? परवा शेताच्या बांधावर तो पडला, तोंडाला फेस आला, तेव्हा गंगुबाईनं त्याच्या दातांत आपला पदर कोंबला होता. आपण डोळे मिटल्यावर त्याच्यापाशी कोण बसणार? दाराआडून वासंती ऐकत होती. तिच्या बांगड्या वाजल्या.

"चांगला हाय," गंगुबाई म्हणाली. "कष्टाळू हाय पोर."

बाईनं देवाला हात जोडले. गंगुबाईनं मापावर तीन मुठी शेंगा जास्त घातल्या. बाई नको नको म्हणत राहिली.

परतीला तिनं पाटी डोक्यावर घेतली नाही, काखेत धरली. पारनाका गेला, दूधनाका गेला. काही दिसलं नाही. मचवा सुटायच्या बेतात होता.

दिवेलागणीला नंदा चुलीपाशी येऊन बसली. "आये, कल्यान कसं गो?"

"मोठं हाय. हीर दारातच हाय, पान्याला लांब जावा नाय लागनार."

नंदानं चमकून वर बघितलं. "म्हंजे तू घर बगलंस?"

"बगलं."

"आनि त्यांना? ते कसं हायत?"

गंगुबाई चुलीत फुंकत राहिली. लाकडं ओली नव्हती, तरी फुंकत राहिली. नंदा उत्तराची वाट बघत, गुडघ्यावर हनुवटी टेकून, तशीच बसली होती.