कृष्णेच्या काठानं, एका नकाशासाठी

माझी भाची मृणाल पुण्यात नगररचनेचं काम करते. सांगलीतल्या एका घाटाच्या सुशोभीकरणाचं काम तिच्या ऑफिसकडे आलं होतं आणि नकाशा सोमवारी द्यायचा होता. शुक्रवारी ती साताऱ्याला माझ्याकडे आली आणि हातपाय धुवायच्या आधीच लॅपटॉप उघडून बसली. फरसबंद रस्ता, रेलिंग आणि पाण्यालगत पक्क्या गाळ्यांची रांग. प्रत्येक गाळ्याला दगडी कमान. कमान कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "इतिहास, मावशी."

मी म्हटलं, उद्या पहाटे वाईला चल. तिथे इतिहास अजून वापरात आहे.

गाळ्यांच्या बाबतीत मात्र ती हळवी होती. पाहणीला गेली तेव्हा घाटावर भेळेचा गाडा लावणाऱ्या आक्काताईंना तिनं शब्द दिला होता, की तुम्हाला हक्काचा गाळा मिळेल, गाडा ढकलणं संपलं.

साताऱ्याहून वाई तासाभराची. जायचं तर माघात जा आणि उजाडायच्या आत पोचा. पुलावरून आम्हाला नदी दिसलीच नाही. दिसलं ते पांढरं, सावकाश सरकणारं काहीतरी आणि त्यात कमरेपर्यंत बुडालेली देवळं. आम्ही घाट उतरू लागलो तशी एकेक पायरी आमच्यापुरती तयार होत गेली. खाली कुणी कपडे आपटत होतं. तो आवाज पलीकडून जरा उशिरा परत यायचा, जणू त्या काठालाही एक वाई आहे आणि तिथे आत्ताच जाग येते आहे.

ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी त्यावर येऊन दुभंगतं. मृणाल त्या थंड दगडावर तळवा टेकून बराच वेळ उभी होती. शेजारच्या घाटावर कृष्णाबाईच्या, म्हणजे नदीच्याच, उत्सवाचा मांडव चढत होता. वाईत हा उत्सव एका घाटावरून दुसऱ्या घाटावर पाळीनं जातो, तसा मांडवही सोडायचा आणि बांधायचा. दर वर्षी एवढा खटाटोप करण्यापेक्षा पक्कं का बांधत नाही, असं तिनं वर चढलेल्या माणसाला विचारलं.

तो काथ्या आवळत म्हणाला, "पक्कं देऊळ हाय की. ते बुडतंय, पुन्हा वर येतंय. मांडव भाड्याचा हाय ताई. त्यो बुडला तर मालक आमाला बुडवील."

खालचे सगळे हसले. मृणाल हसली नाही. चहा-पोहे होईपर्यंत ती घाटाकडेच बघत होती. पाण्याखाली गेला तरी बिघडत नाही असा दगड, नाहीतर उचलून नेता येईल असं सामान. मधलं काही तिथे नव्हतंच. पायऱ्यांच्या कडेनं गुरं पाण्यावर आणायचा जुना उतारही तिला मी दाखवला. बेताचा, मध्ये सपाट टप्पे सोडलेला.

दुपारी कऱ्हाड. हायवेलगत साधी थाळी घ्या, दोघींचं पोट पाचशेच्या आत भरतं. प्रीतिसंगमावर झाडाखाली बसा. एकीकडून कृष्णा येते, समोरून कोयना, आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात. डोळे मिटले की कुठलं पाणी कुणाचं ते कळत नाही, तसं ते उघडे ठेवूनही कळत नाही.

"गाळे काढावे लागतील," मृणाल म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आक्काताईंना कोण सांगणार?"

शब्द तिनं दिला होता. सांगायचंही तिनंच, असं मी म्हटलं.

पेठ नाक्याला आत वळलात की उसाच्या ट्रॉल्या लागतात. मागे दिवा असेलच असं नाही, तेव्हा अंधार पडायच्या आत सांगली गाठा. आम्ही पोचलो तेव्हा आयर्विन पुलाच्या कमानी पाण्यात उलट्या उभ्या होत्या, वरच्यापेक्षा खालच्या जास्त खऱ्या.

आक्काताई साठीच्या असतील. आल्या आल्या "आली गं माझी गाळेवाली" म्हणून त्यांनी न विचारता दोन भेळी कालवल्या. मृणालनं घास घ्यायच्या आधीच सांगून टाकलं.

"म्हंजे न्हाई."

पुरात बुडेल, मृणाल म्हणाली.

"बुडू दे की. पुरात घरं बुडत्यात, ती पाडली का कुणी?"

मग मी मध्ये बोलले. गाडाच बरा, पाणी वाढलं की वर नेता येतो, असं काहीतरी.

"आवं बाई, बरा हाय तर ढकला की वरपातूर. गुडघं माजं, ग्यान तुमचं, आसं कसं?"

आवराआवर झाल्यावर मग आम्ही दोघींनी गाडा ढकलला. अलीकडचा काँक्रीटचा उतार, सरळ आणि खडा. मध्यावर माझा दम संपला आणि गाडा मागे येऊ लागला. आक्काताईंनी चाकाखाली दगड सरकवला. मृणाल त्या चाकाकडे बघत राहिली. उतार लांब आणि सोपा केला, मध्ये थांबायला सपाट जागा ठेवली तर चालेल का, असं तिनं विचारलं.

"आदी कर. शब्द नगं देऊस आता."

सोमवारी नकाशा गेला. गाळे नाहीत, कमानी नाहीत. दगडी पायऱ्या आणि त्यांच्या कडेनं टप्प्याटप्प्यांचा रुंद उतार. वरिष्ठ म्हणाले, फार रिकामा दिसतो. तिनं तो तसाच ठेवला. निर्णय अजून झालेला नाही.

घरी आल्यापासून वाईचं धुकं पहाटे हटकून आठवतं. तुम्ही जाच. पण जुने घाट बघून "काय शहाणी माणसं होती" एवढंच म्हणून परतू नका. त्यांनी गुरांचे पाय मोजून उतार बांधला. आपल्याला एका बाईच्या गुडघ्यांपुरता बांधायचा आहे. तो होईल तेव्हा होईल. आज दिवस कलला की आक्काताई तोच खडा चढ चढणार आहेत, आणि गाळा मिळाला नाही म्हणून त्या रागावल्या आहेत ते मला चूक वाटत नाही.